दादा, मी आणि पुढचं डावं चाक

...आणि वर लोक मलाच विचारतात, "सर, जॅक कुठे लावायचा एवढंही माहीत नव्हतं तुम्हाला?" नव्हतं! नाही हो नव्हतं! एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, झोपेतून उठवलंत तरी जगातल्या वाळवंटांची नावं सांगीन, पण स्वतःच्या गाडीच्या पोटाखाली काय आहे ते बघायला मी कधी वाकलोच नाही, कशाला वाकू? गॅरेजवाल्या मिस्त्रीने तोंडभरून सांगितलं होतं ना... "सर, बिनधास्त जा. डिकीत सगळं आहे!"

डिकीत सगळं आहे. ऐकलंत? लक्षात ठेवा हे वाक्य, कारण मी मरेपर्यंत विसरणार नाहीये.

तर सकाळी साडेसहाला भाच्याचा फोन. आवाज कसला, चिरका. "मामा, आईला दवाखान्यातून घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, ज्यांना भेटायचंय त्यांनी भेटून घ्या. तिला काही सांगितलेलं नाही, बरं वाटतंय म्हणून घरी आणलं एवढंच सांगितलंय. पण ती तुम्हा दोघांची सारखी आठवण काढतेय... दोघांनी या." आता ताई आमची सर्वांत मोठी, आई गेल्यावर तिनेच आम्हाला वाढवलं, तिने बोलावलं तर मी चपला न घालता निघालो असतो. प्रश्न तो नव्हता. प्रश्न होता "दोघांनी" या शब्दाचा. कारण दुसरा म्हणजे दादा. माझा थोरला भाऊ. दोन गल्ल्या सोडून राहतो. आणि तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द... एक अक्षर बोललो नव्हतो!

का म्हणाल तर सांगायलाही लाज वाटते. दादा बसच्या डेपोत फिटर होता, चौतीस वर्षं. वडील गेले तेव्हा त्यांचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलेलं होतं, ते दादाने दुरुस्तीला म्हणून आपल्या घरी नेऊन खोललं आणि नंतर काही केल्या ते चालेना. आणि मी, जेवायला वीस माणसं बसलेली असताना, वाढता वाढता म्हणालो, "बसचे नट आवळणाऱ्याने घड्याळात हात घालू नये." झालं! दादा भरल्या ताटावरून उठला तो थेट घराबाहेर. मला वाटलं, चार दिवसांनी येईल. चार दिवसांची अकरा वर्षं कधी झाली कळलं का? नाही कळलं!

त्यात दादाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्याला गाडी चालवता येईना, म्हणजे माझ्या गाडीशिवाय त्याला वाट नाही. बायको जाऊन त्याला घेऊन आली. तो आला, मागच्या सीटवर बसला, दार लावलं, खिडकीकडे तोंड केलं. मी आरशात पाहिलं, त्याने आरशात पाहिलं, दोघांनी एकदम मान फिरवली. बायको मध्ये... म्हणजे माझ्या शेजारी, पण मध्येच म्हणायचं. दोन तासांचा रस्ता. म्हटलं, काढू कसातरी.

पस्तीसाव्या मिनिटाला गाडी डावीकडे ओढायला लागली आणि खालून आवाज... थप थप थप थप...

"काय झालं हो?" बायको म्हणाली.

"काही नाही, रस्ता खराब आहे," मी म्हणालो. रस्ता आरशासारखा गुळगुळीत! मागून दादा खिडकीला सांगतो, "ह्याला सांग, पंक्चर आहे." बायको म्हणाली, "अहो, भाऊजी म्हणतायत पंक्चर आहे." मी म्हणालो, "त्यांना सांग, मला ऐकू येतं." बायको म्हणाली, "भाऊजी, ह्यांना ऐकू येतं." मागून उत्तर, "मग थांबव म्हणावं, रिमचा चुरा व्हायच्या आत."

थांबवली. कुठे थांबवली असेल? वळणावर! "ह्याला सांग, वळणावर गाडी उभी करतात का? मागून ट्रक आला तर ताईच्या आधी आपण जाऊ." पुन्हा पुढे घेतली, सरळ रस्ता बघून कडेला लावली, चारही इंडिकेटर लावले आणि मोठ्या रुबाबात डिकी उघडली.

आणि डिकीत सगळं होतं बरं का! मिस्त्री खोटं बोलला नव्हता. जॅक होता, पाना होता, दोन्ही अजून वेष्टनात. रस्त्यावर ठेवायचा लाल त्रिकोण होता, त्याला एकच पाय होता, तो ठेवला की आडवा व्हायचा. टॉर्च होता, सेल नव्हते. गाडीचं पुस्तक होतं, आठ भाषांतलं, त्यात आपली सोडून सगळ्या. स्टेपनी होती, दाबली की आत जायची. मलमपट्टीचा डबा होता. आणि माझा शाळेतला जगाचा नकाशा होता, गुंडाळलेला. निरोप समारंभात दिला होता, घरात लावायला भिंत नाही म्हणून तो डिकीत राहतो.

म्हटलं, मदत मागवू. गाडीच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिकडून एक मुलगी, इतक्या गोड आवाजात की वाटावं लग्नाचं आमंत्रण देतेय, "नमस्कार सर, आपण सध्या नक्की कुठे आहात?" आता मी भूगोलाचा मास्तर! फोनवर बघून अक्षांश-रेखांश सांगितले, अंश, मिनिटं, सेकंद. "ते नको सर, जवळची एखादी खूण सांगा." खूण? सगळीकडे माळ! "एक झाड आहे," मी म्हणालो. "कसलं झाड सर?" "वाळलेलं." "ओके सर, आमचा माणूस साडेतीन तासांत पोहोचेल. आपला दिवस शुभ जावो!"

शुभ जावो!

इतक्यात एक मोटरसायकलवाला थांबला, हेल्मेट न काढता म्हणाला, "काका, पंक्चर का?" म्हटलं, हो. "स्टेपनी असेल ना?" म्हटलं, आहे. "मग बदला की!" आणि गेला. अहो, एवढं सांगायला थांबला होता तो! मदतीला थांबणारी माणसं अजून आहेत हो जगात...

मग मीच बाह्या सरसावल्या. जॅक ठेवला, दांडा फिरवला, गाडी वर आली, मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मग नटाला पाना लावला, जोर केला... तर नट ढिम्म आणि चाकच गरागरा फिरतंय! मी नटाबरोबर, चाक माझ्याबरोबर, बायको म्हणतेय "अहो, जपून", आणि जॅक हळूहळू मातीत चाललाय. दादा खाली उतरला. हात पाठीमागे बांधून उभा. माळाला उद्देशून म्हणाला, "नट आधी ढिले करतात, चाक जमिनीला टेकलेलं असताना. मग गाडी उचलतात. डेपोतल्या मांजरालाही ठाऊक आहे." बायको म्हणाली, "अहो, भाऊजी म्हणतायत..." "ऐकलं!" मी ओरडलो. "मांजराचंही ऐकलं!"

गाडी पुन्हा खाली घेतली. "ह्याला सांग, मागच्या चाकाला दगड लाव. जॅकखाली सपाट दगड ठेव, माती भुसभुशीत आहे." बायकोने दगड आणले. आता ढिले करायचे म्हणजे जोर पाहिजे, माझा घाम डोळ्यांत, पाना सटकतोय. दादाला राहवलं नसावं. तो पुढे आला, खाली बसला, माझ्या हातातून पाना घेतला, नटावर बसवायला गेला... आणि तुम्हाला सांगतो, पाना नटावर बसेचना. हात थरथरत होता. असा... असा... पाना नटावर कडकड वाजत होता. ज्या हातांनी चौतीस वर्षं बसची चाकं उतरवली ना, ते हात. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी पाहतोय का ते बघायला. मी पटकन झाडाकडे बघायला लागलो. वाळलेलं झाड, किती बघणार? त्याने पाना जमिनीवर ठेवला आणि म्हणाला, "ह्याला सांग, पान्यावर पाय दे. हातापेक्षा अंगाचं वजन जास्त असतं."

बायकोने सांगितलंच नाही. तिचे डोळे भरले होते. मी पान्यावर पाय दिला. नट कर्रकन सुटला.

चाक बदललं. नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीने नाही, हेही त्या दिवशी कळलं. स्टेपनीत हवा निम्मी, म्हणून चाळिसाच्या वर जायचं नाही. मध्ये भाच्याचा फोन, "मामा, कुठपर्यंत आलात? आई विचारतेय." म्हटलं, आलोच! आलोच काय आलोच? सायकलवाले पुढे जात होते आमच्या! बरं, वाटेत हवा भरायला दुकान? होतं. बंद होतं. पाटी होती, "जेवायला गेलो आहे." सकाळी साडेदहाला!

आणि पुढे अर्ध्या तासाने काटा. तो तापमानाचा काटा असतो ना, मी तो जन्मात पाहिला नव्हता, तो लाल रेषेत जाऊन बसलेला, आणि बॉनेटमधून वाफ, भातावरचं झाकण उडावं तशी भसाभस! पुन्हा कडेला. पुन्हा चार इंडिकेटर. मी तावातावाने बॉनेट उघडलं. म्हटलं आता मागून सूचना यायच्या आत मीच काय ते करतो, रेडिएटरचं झाकण दिसलं, त्यात पाणी घालतात एवढं तरी मला माहीत होतं, फडकं घेतलं, हात घातला...

"हात काढ गाढवा!"

मनगट धरून खेचलं मला, मी दोन पावलं मागे भेलकांडलो. दादा समोर, डोळे लाल, धापा टाकतोय. "उकळतं पाणी तोंडावर येईल! आंधळा होशील! अक्कल आहे का?"

बायको दोघांकडे बघत राहिली. मी दादाकडे बघत राहिलो. अकरा वर्षं, महाराज! अकरा वर्षांनी पहिलं वाक्य माझ्याशी, थेट माझ्याशी... आणि ते गाढवा! आणि मला इतकं बरं वाटलं, काय सांगू! मी म्हणालो, "मग काय करू?"

"काही नाही. थांबायचं. इंजिन गार होईपर्यंत हात लावायचा नाही."

पाऊण तास. बसलो रस्त्याकडेच्या उतारावर, मध्ये एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून. बायको मुद्दाम गाडीतच बसली. मग दादा गवताची काडी मोडत म्हणाला, "ते घड्याळ मी चालू केलं."

"कधी?"

"दुसऱ्याच वर्षी. स्प्रिंग तुटली होती. मिळाली एका ठिकाणी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बसचे नट आवळणाऱ्याने काय सांगायचं?"

मी म्हणालो, "चुकलं माझं." त्याने हातातली काडी फेकून दिली. मग म्हणाला, "पाच मिनिटं मागे पडतं. ते काही जमलं नाही." आणि त्याने हात मांडीखाली दाबून धरले, थरथर दिसू नये म्हणून. मी विचारलं, "डॉक्टरला दाखवलंस?" तो म्हणाला, "ताईला कळता कामा नये. तिला काळजी वाटेल." अहो, ताई तिकडे शेवटच्या... आणि हा!

इंजिन गार झालं. पाण्याचा रबरी पाइप चिरला होता. आता पाइपला पट्टी कुठून आणायची? डिकीत सगळं होतं! मलमपट्टीच्या डब्यातली चिकटपट्टी काढली, दादा सांगेल तशी मी पाइपला गुंडाळली, वरून त्याचा रुमाल आवळून बांधला, बाटलीतलं पाणी थोडं थोडं घातलं. "झाकण पूर्ण आवळू नकोस, दाब वाढला की पट्टी उडेल. अरे, हळू. हां, असं." माझ्या बोटांवर त्याचं बोट. दर दहा मिनिटांनी थांबायचं, काटा बघायचा, पाणी घालायचं. आणि दादा आता मागे नाही, माझ्या शेजारी बसलेला, वाटभर मला शिव्या. गिअर असा टाकतात का? ब्रेक असा मारतात का? शाळेत पोरांना काय शिकवलंस? मी म्हटलं, बोल, बोल बाबा...

दोन तासांच्या रस्त्याला आठ तास लागले. साडेतीनच्या सुमारास ताईच्या दारात. अंगभर काळं तेल, गुडघ्याला माती, दादाच्या कपाळावर ग्रीस. भाचा बाहेर आला, आम्हाला बघून त्याला रडू फुटलं. मी घाबरलोच. म्हटलं, संपलं! उशीर झाला. तो म्हणाला, "नाही मामा, जागी आहे. वाट बघतेय."

आत गेलो. खोलीत औषधांचा वास, खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला, आणि ताई... एवढीशी झालेली, उशीत बुडालेली. आम्ही दोघं एकदमच दारातून घुसलो, खांद्याला खांदा लागला, दादा म्हणाला, "आधी मला जाऊ दे," मी म्हणालो, "अरे, पण ढकलतोस काय?"

ताईने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. दादाकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. अगदी बारीक आवाजात म्हणाली, "दोघं? एका गाडीतून?"

"हो ताई."

"आणि भांडताय?"

"हो ताई."

तिने मान वळवून मुलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे माझं काही खरं नाही."

हसलो हो! सगळे हसलो. भाचा हसला, बायको दाराआड तोंडावर पदर धरून हसली, दादा हसता हसता भिंतीला टेकला, ताईला हसून खोकला आला आणि मी तिला पाणी पाजलं, तेलकट हातानेच. ती म्हणाली, "अरे, हात तरी धुवा दोघं." कितीतरी वर्षांनी आमच्यात असं हसू फुटलं होतं...

आता ताईचं असं होतं, तिचा अंदाज आयुष्यात कधी म्हणून चुकला नव्हता. त्याच आठवड्यात, गुरुवारी दुपारी गेली.