पाव फेरा

(जयपूर, जानेवारी १९६३. छोट्या आगगाड्यांचे वार्षिक प्रदर्शन. जुन्या मालाच्या टेबलांची रांग. सर्जेराव हे निवृत्त तंत्रशिक्षक, देवराम हा त्यांचा विद्यार्थी, आता फिटर. प्रल्हाद शेवटच्या टेबलामागे.)

सर्जेराव : ...म्हणून रंगाला भुलून डबा घेऊ नये. आधी उलटा करावा, चाके फिरवावी, आस पाहावा. हा पाहा, वाकलेला आहे. दोन रुपयांतही महाग.

देवराम : आणि ते रूळ?

सर्जेराव : रूळ बरे आहेत. दीड डझन आहेत, त्यांपैकी चार गंजलेले. ते चार बाजूला काढून उरलेल्यांचा भाव विचारू. झाले, मग निघू.

देवराम : शेवटचं टेबल राहिलं की.

सर्जेराव : तिथे काही नाही. मी इथूनच पाहिले.

देवराम : लांबून बघून माल ठरवताय? तुम्ही?

सर्जेराव : देवराम, ते टेबल प्रल्हादचे आहे.

देवराम : दिसलं मला. आत आलो तेव्हाच दिसलं.

सर्जेराव : मग चल. दोन वर्षे त्याला इथे बसू दिले नव्हते. यंदा दिले, तो समितीचा निर्णय. आपण त्यात पडायचे नाही.

देवराम : पडतोय कोण? मला एक शेगडा घ्यायचाय, काम पकडायचा व्हाइस. त्याच्या टेबलाला जोडलेला आहे, लोखंडी. चार इंची दिसतोय.

प्रल्हाद : या मास्तरजी, नमस्ते. देवराम भैया, तुम्हीपण. मतलब, मला वाटलं नव्हतं तुम्ही माझ्याकडे याल.

देवराम : हा शेगडा केवढ्याला?

प्रल्हाद : बावीस रुपये. तुमच्यासाठी पंधरा.

देवराम : माझ्यासाठी कमी का?

प्रल्हाद : असंच, भैया. घेऊन जा.

सर्जेराव : पंधरा वाजवी आहेत. घे आणि निघू या.

देवराम : तपासल्याशिवाय? जुना माल तपासल्याशिवाय घरी नेऊ नये, हे वर्गात कोण सांगायचं? प्रल्हाद, कागदाची पट्टी आहे?

प्रल्हाद : ही घ्या. जबडे बघायचेत ना? एकदम सीधे आहेत.

देवराम : तूच धर. मी आवळतो. पट्टी दोन्हीकडे सारखी पकडली गेली तर जबडे सरळ. अजून आत धर. चारही बोटं आत घे, नाहीतर पट्टी वाकते.

प्रल्हाद : बस. पुरे आता. भैया, बोटं आहेत माझी.

देवराम : ठाऊक आहे.

प्रल्हाद : भैया, लागतंय. दांडा सोडा.

सर्जेराव : देवराम. दांडा उलटा फिरव.

देवराम : मास्तर, माझ्या डाव्या हातात याचीच हातोडी आहे. तुम्ही एक पाऊल पुढे आलात तर ती याच्या मनगटावर बसेल. त्या लोकांनाही सांगा. तुमचं हिंदी माझ्याहून चांगलं आहे.

सर्जेराव : भाईसाहब, पीछे रहिए। कोई आगे न आए। मैं बात कर रहा हूँ। ...मागे झाले ते. आता तू ऐक.

देवराम : मी ऐकायला नाही आलो, विचारायला आलोय. प्रल्हाद, तीन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये तू माझ्या भावाला इंजिन विकलंस. वाफेचं, खरं चालणारं. जुनं होतं, पण गजानन त्याच्यावर फिदा झाला. दोन महिन्यांचा पगार घातला त्याने.

प्रल्हाद : हो. विकलं.

देवराम : त्याच्या बॉयलरवर चाळीस पौंड कोरलेलं होतं. त्याहून जास्त वाफ झाली की सेफ्टी व्हॉल्व्हने उघडायचं. उघडला नाही. का?

प्रल्हाद : घट्ट होता.

देवराम : कोणी केला घट्ट?

प्रल्हाद : मी.

देवराम : ऐकलंत मास्तर? स्वतःच्या तोंडाने.

प्रल्हाद : चिठ्ठीवर लिहिलं होतं तितकाच केला. कोर्टातपण हेच बोललो. मी बनिया माणूस, मतलब, व्यापारी. मला कुठे दाब कळतो? मी फक्त जुनं गेज काढून नवं किलोवालं बसवलं. व्हॉल्व्ह किती ठेवायचा ते मास्तरजींना विचारलं. त्यांनी चिठ्ठी लिहून इंजिनाला दोऱ्याने बांधली. चिठ्ठीवर अठरा होतं.

देवराम : मास्तर, या शेगड्याचे आटे केवढ्याचे?

सर्जेराव : देवराम, नको.

देवराम : शिकवताना विचारायचात तुम्ही. आता मी विचारतो.

सर्जेराव : पाव इंचाचे. पूर्ण फेऱ्याला पाव इंच.

देवराम : म्हणजे पाव फेऱ्याला?

सर्जेराव : अर्धा सूत, इंचाचा सोळावा भाग. हाडाला अर्धा सूत फार होतो. देवराम, थांब.

प्रल्हाद : आई ग. आई. मोडलं. एक मोडलं.

देवराम : करंगळी असेल. ती बारीक असते. आता खरं सांग.

प्रल्हाद : खरंच सांगतोय. अठरा होतं.

देवराम : मास्तरांनी कोर्टात सांगितलं की चिठ्ठीवर पावणेतीन होतं. या शहरातल्या प्रत्येक जुन्या बॉयलरवर यांची चिठ्ठी लागते. वीस वर्षांत एक आकडा चुकला नाही. आणि तू म्हणतोस अठरा.

प्रल्हाद : चिठ्ठी तर स्फोटात जळली. माझ्याकडे काय राहिलं? आठ महिने आत होतो मी. बाप त्यातच गेला, त्याला खांदा द्यायला नाही सोडलं. अजून काय पाहिजे?

देवराम : तुला ठाऊक आहे गजा कसा गेला? तांब्याचा पत्रा इथे घुसला, गळ्याखाली. तीन दिवस जगला. श्वास घेतला की त्या भोकातून शिट्टी वाजायची. आई उशाशी बसून तिथे फडकं धरायची. चोवीस वर्षांचा होता. मी त्याच्या शेजारीच होतो. गेजचा काटा नऊवर गेला तेव्हा मी म्हटलं, उतरव आता. तो म्हणाला, दादा, अजून अर्ध्यावरच आलाय.

सर्जेराव : काय म्हणाला?

देवराम : अर्ध्यावरच आलाय म्हणाला. का?

सर्जेराव : हे तू कधी बोलला नाहीस.

देवराम : कोणी विचारलं नाही. प्रल्हाद, दुसरा पाव फेरा.

सर्जेराव : थांब. देवराम, नऊ हे कशाचे अर्धे?

देवराम : काय?

सर्जेराव : मी विचारतो त्याचे उत्तर दे. काटा नऊवर, आणि गजानन म्हणाला अर्धा. पूर्ण किती?

देवराम : अठरा. ...अठरा.

सर्जेराव : गजाननने चिठ्ठी वाचलेली होती. हात सोड त्याचा.

देवराम : मास्तर, तुम्ही काय सांगताय ते नीट सांगा.

सर्जेराव : सांगतो. आधी पाव फेरा उलटा.

देवराम : नाही. आधी सांगा.

सर्जेराव : त्या दिवशी माझ्यापुढे एकोणीस इंजिने होती. सर्वांना पौंडाची गेज, फक्त त्या एकाला किलोचे. एक किलो म्हणजे सव्वादोन पौंड, म्हणून मी चाळीसला सव्वादोनने भागले. अठरा आले. तेच लिहिले. पण दाब म्हणजे केवळ वजन नव्हे. पौंड चौरस इंचावर मोजतात, किलो चौरस सेंटिमीटरवर. क्षेत्रफळ मी धरलेच नाही. पहिल्या वर्षाच्या मुलाने केली असती तर मी त्याला बाकावर उभे केले असते, अशी ती चूक.

देवराम : बरोबर उत्तर किती?

सर्जेराव : पावणेतीनच्या थोडे वर.

प्रल्हाद : सुन लिया, भैया? आता तरी सोडा.

देवराम : तुम्हाला कधी कळलं?

सर्जेराव : गजानन इस्पितळात होता, दुसऱ्या दिवशी. तू मला बोलावणे पाठवलेस. निघण्यापूर्वी मी वही उघडली. ते गणित तिथेच होते.

देवराम : म्हणजे गजाच्या खाटेजवळ उभे होतात तेव्हा माहीत होतं.

सर्जेराव : होते.

देवराम : कोर्टात शपथ घेतलीत तेव्हा?

सर्जेराव : तेव्हाही. मी स्वतःला समजावले की व्हॉल्व्ह हाताने त्याने आवळला. हे खोटे नव्हते. पण खरेही नव्हते. दांडा उलटा फिरव, देवराम. दोष त्याचा नाही. हवा तर माझा हात घाल. हा घे.

देवराम : ...निघ. काढ हात. हळू, ओढू नकोस.

प्रल्हाद : बोटं बघा. बघा मास्तरजी, नीट बघा. तपासा.

सर्जेराव : प्रल्हाद, मी...

प्रल्हाद : माझा बाप विचारत होता, मुन्ना, तू खरंच केलंस? आखिर तक विचारत होता. हे घ्या. हे त्याच्यासाठी. आणि हे माझ्यासाठी.

देवराम : प्रल्हाद, पुरे.

प्रल्हाद : एका हाताने मारतोय, भैया. दुसरा तुम्ही मोडला. अजून एक मारू द्या.

देवराम : दात राहू देत त्याचे. त्याला बोलायचंय अजून.

सर्जेराव : मार खाणे मला मान्य आहे. अडवू नकोस त्याला.

देवराम : तुम्हाला मान्य असेल. मार खाऊन मोकळं व्हायचंय तुम्हाला. ओठ पुसा. रक्त सदऱ्यावर पडतंय. हा पंचा घ्या.

सर्जेराव : आता पोलिसांकडे जाऊ. मी लेखी देतो.

देवराम : उद्या द्या. प्रल्हादसाठी द्या, आणि मी याचं काय केलं तेही लिहा त्यात, मी नाही म्हणणार नाही. प्रल्हाद, चल, आधी तुला हाडवैद्याकडे सोडतो.

प्रल्हाद : तुमच्यासोबत मी कुठे येत नाही. माझा साला येतोय तिकडून, तो नेईल. तुम्ही दोघं फक्त जा इथून.

देवराम : जातो. मास्तर, खातीपुऱ्याला जायचंय. आत्ता.

सर्जेराव : तुझ्या घरी?

देवराम : आईकडे. दर दिवाळीला तुमच्यासाठी वेगळा डबा भरते ती. गजासाठी मास्तर कोर्टात उभे राहिले, असं गल्लीभर सांगते. जे इथे सांगितलंत तेच तिला सांगायचं. गणित नको, तिला कळणार नाही. तुम्ही काय लिहिलं आणि काय बोललात, तेवढंच.

सर्जेराव : तू सांग, देवराम. माझ्याने होणार नाही.

देवराम : मी दारात उभा राहीन. आत यायचा नाही.

सर्जेराव : काय म्हणून सुरुवात करू?

देवराम : ते तुमचं तुम्ही बघा. ती आधी पाणी आणून देईल. बोलून होईपर्यंत पिऊ नका.