पत्र्यावरचा शब्द

(फोनवर. राजपाल येडशीत, घराच्या गच्चीवर. मुलगी दीक्षा हैदराबादेत, प्रयोगशाळेच्या जेवणाच्या सुट्टीत.)

राजपाल : …पत्र्याच्या मागल्या अंगाला तेच छापलंय. गॅल्व्हनाइज्ड. म्या लाइनमन म्हणून तीस वर्षं खांबावर चढलो, तारांच्या बंडलांवर हेच लिहिलेलं. पण कुणाला इचारलं न्हाय, म्हंजे काय.

दीक्षा : माणसाचं नाव आहे, पप्पा. गॅल्व्हानी, इटलीतला. मेलेल्या बेडकाला दोन धातू लावले, तर पाय झटकला.

राजपाल : मेलेल्याचा?

दीक्षा : मेलेल्याचाच. त्याला वाटलं, बेडकातच वीज आहे. दुसऱ्यानं दाखवलं, वीज त्या दोन धातूंमुळं होती. पण क्रियापद झालं गॅल्व्हानीचं. आधी अर्थ विजेचा झटका देणं. मग माणसांना खडबडून कामाला लावणं. आणि लोखंडावर जस्त चढवणं.

राजपाल : विजेनं चढवतेत?

दीक्षा : पत्र्याला नाही. वितळलेल्या जस्तात बुडवतात.

राजपाल : मग त्या बेडूकवाल्याचं नाव फुकटच लागलं की.

दीक्षा : फुकट नाही. इथंही दोन धातूच. ओल आली की जस्त आधी झिजतं, लोखंड वाचतं. ओरखडा पडला तरी.

राजपाल : ओरखडा न्हाय. म्या समदा घासला.

दीक्षा : काय?

राजपाल : पत्रा. तारेच्या ब्रशनं, वरून पॉलिश पेपर. रंग धरावा म्हणून. खांब रंगवताना आमी असंच घासायचो.

दीक्षा : तो खांबावरचा गंज होता, पप्पा! इथं तुम्ही जस्तच काढलंत.

राजपाल : आठ पत्रे हायत.

दीक्षा : कुणाला विचारायचं तरी!

राजपाल : कुणाला? तुझी आई असती तर म्हणली असती, अवं, कशापायी हात सोलून घेताय. चार दिवस लागले. बरे गेले पर.

दीक्षा : पण गच्चीवर पत्रे कशाला?

राजपाल : तुझी खोली. जूनला कायमची येणार न तू? खाली टीव्हीच्या आवाजात तुला काम जमायचं न्हाय.

दीक्षा : पप्पा…

राजपाल : बोल की.

दीक्षा : सकाळीच नव्या करारावर सही केली मी. अजून तीन वर्षं इथंच. संध्याकाळी सांगणार होते.

राजपाल : …काम आवडीचं हाय न?

दीक्षा : हो.

राजपाल : मग झालं.

दीक्षा : पत्रे परत घेईल का दुकानदार?

राजपाल : घासलेले? हसंल त्यो.

दीक्षा : जस्ताचा प्रायमर मिळतो, धाराशिवला. त्याचे दोन हात द्या. टिकतील. सकाळी लवकर लागलात तर एका दिवसात होतील दोन्ही.

राजपाल : नगं. एक उद्या देतो. दुसरा परवा.