आरशात बघून शिकलेली

सलूनच्या बाकावर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या.

"आई, तुझ्या केसांना हात लावू नकोस. सलूनच्या मालकीणबाईंना हेच दाखवायचंय."

"अगं, किती हलके झालेत. घरी केलेत हे कुणाला खरं वाटणार नाही."

"एकेक बट गोल ब्रशवर ताणून वाळवली, शेवटी गार हवा दिली. पसंत पडले की झाडू सुटला, खुर्ची माझी. जीव नुसता उड्या मारतोय."

"पण ड्रायर डाव्या हातात का धरतेस? जेवतेस तर उजव्यानं."

"सहा वर्षं इथली फरशी झाडताना आरशात बघून शिकले. आरशात बाईंचा उजवा हात डावा दिसायचा."

"आणि त्यांनी विचारलं, कुणी शिकवलं?"

"सांगेन, तुम्हीच. माझ्याकडे पाठ करून."