पाचच्या आत

—हलू नका म्हटलं ना, मास्तर. वस्तरा गळ्याशी आहे. नातीचंच विचारताय ना? कळलं. नाही आला निरोप. विद्यापीठवाले कळवतात सावकाश. अर्ज तुम्हीच तर भरलात तिच्याबरोबर, ह्याच बाकावर बसून, अन् नंबर माझा घातलात — तिच्याकडे फोन कुठंय? — आणि माझा फोन असतो वस्तऱ्यांच्या खणात. गिऱ्हाईक खुर्चीत असलं की मी तो काढत नाही. दुकानाचा नेम आहे.

मान वर. पोरगी हुशार आहे, हे मला सांगू नका. अभ्यास मीच घेतला तिचा. हसू नका, कापेल. तिसरीतून उठलेला माणूस मी — पुस्तक धरायचो, ती उत्तरं म्हणायची. धडाधड बोलली की बरोबर, अडखळली की पुन्हा. एकदा पुस्तक उलटं धरलं होतं. तिनं पाहिलं. बोलली नाही. अशी आहे ती.

म्हणून तर — काय म्हणून? काही नाही. आजी तिच्याच हातून जेवते हो. दोन वर्षं झाली, हिला कुणाची ओळख राहिली नाही. मी घास पुढे केला की ओठ घट्ट. शेजारीण आली होती भरवायला, तिच्या अंगावर थुंकली. सगळी गल्ली माझ्यापुढे मान वर करून, गाल फुगवून बसते, आणि बायको तोंड उघडत नाही. पोरगी गेली तर मी काय — जाऊ द्या.

घड्याळाकडे काय बघता? पाचला दहा कमी आहेत. एकदा पाच वाजले की सुटलो.

कशातून? मी काय म्हणालो?

बरं. सोमवारी आला निरोप. नेम मोडून टपालवाल्याकडून वाचून घेतला, तोही ह्याच खुर्चीत, तोंडाला साबण. जागा मिळाली आहे. आज पाचच्या आत होकार कळवायचा, नाहीतर जागा पुढच्याची. तीन दिवस ती विचारतेय — आबा, काही आलं? मी म्हणतो, नाही. काल म्हणाली, नसेल मिळाली, बरंच झालं, आजीचं कोण बघणार. बरंच झालं म्हणाली, मास्तर! आणि घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसली.

उठू नका! एक गाल राहिलाय. अर्धवट काम ह्या दुकानातून कधी गेलं नाही—

उठा. हा बघा, ठेवला वस्तरा. तो खण ओढा. फोन घ्या. मला त्यातलं काही येत नाही, तुम्हीच करा, पण बाहेर उभं राहून करा. साबण राहू दे. आणि तिला सांगा, आबांनी — नको. काही सांगू नका. आज संध्याकाळी घास मी धरणार आहे.

माझ्याकडे काय बघताय? जा.