येसूबापूंचे दोन फोटो

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले बुवा, तुम्हीही बोटं मोडून घ्या, मघापासून घाम गाळताय. आता आहे आख्यान, आणि आख्यानाला ताल तुमच्या हुंकाराचा. हुंकार आला नाही तर मी समजेन, पंगतीतली बुंदी अंगावर आली!

पण आधी एक प्रश्न. उत्तर मोठ्यानं द्यायचं नाही, मनातल्या मनात द्यायचं. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस बसतं कसं? मांडी घालून, की एक गुडघा वर करून? चहा कपातून पितं, की बशीत ओतून? आठवा! काय झालं? रोज डोळ्यांसमोर आहे हो ते, आणि आठवत नाही? मग आपण आपल्या माणसाला बघतो, की नुसतं चार लोकांना दाखवतो? हा प्रश्न घट्ट धरून ठेवा. आणि ते खांबाला टेकलेले कॅमेरावाले दादा, तुम्ही तर नीट ऐका, तुमच्याच धंद्यातली गोष्ट आहे. फक्त तो दिवा माझ्या डोळ्यांवर मारू नका, मी पुढचं विसरतो.

तर ऐका. मुळा नदीच्या कालव्याकाठी एक गाव. नाव सांगत नाही, पाहुणे इथंच बसलेले असायचे! त्या गावात गोरख नावाचा माणूस. पतसंस्थेत कारकून, शर्ट कायम इस्त्रीचा. बायको सिंधू. आणि वडील येसूबापू, जन्मभर कालव्यावर पाटकरी. पाटकरी म्हणजे ज्याच्या-त्याच्या पाळीनं पाण्याचं दार उघडणारा माणूस. उन्हाळ्यात पाण्यावरून सख्खे भाऊ कुऱ्हाडी काढतात, पण बापूंनी ‘तुझी पाळी उद्या’ म्हटलं की माणूस निमूट घरी जायचा. असा शब्द होता त्यांचा.

आता त्या बापूंची आठवण चालली. आधी चष्मा कुठं ठेवला ते जायचं, मग सकाळी जेवलो की नाही ते, आणि मग एके दिवशी सुनेलाच विचारलं, बाई, तू कोणाच्या घरची? डॉक्टरनं तपासलं, गोरखला बाजूला घेतलं आणि सांगितलं, हे असंच उतरत जाणार, औषध फार काही करणार नाही. बाहेर न्याल तेव्हा मात्र त्यांचा हात सोडू नका. गोरखनं मान हलवली. आपण सगळेच डॉक्टरपुढं मान हलवतो!

गोरखच्या मनात दुसरंच शल्य होतं. त्याची आई गेली तेव्हा घरात तिचा एक फोटो निघाला नाही. सगळ्यांच्या लग्नात ती बाई चुलीपाशी, मग फोटोत येणार कशी? शेवटी कुणाच्या तरी बारशातला गर्दीचा फोटो सापडला, त्यातून तिला कापून काढली. पण तिच्या खांद्यावर कुण्या मावशीचा हात होता. मावशी गेली कापून, हात राहिला! आजही भिंतीवर आईच्या खांद्यावर तो बिनमालकाचा हात आहे. गोरखनं तेव्हाच ठरवलं, बापूंचं असं होऊ द्यायचं नाही. बापूंचा फोटो असा काढायचा की बघणाऱ्यानं बघत राहावं.

म्हणून तो तालुक्याला गेला, अन्वर तांबोळीच्या स्टुडिओत. दोघं शाळेत एका बाकावरचे. ही गोष्ट मोबाईलला नुसती बटणं होती तेव्हाची. अन्वरनं दोन वापरलेले कॅमेरे काचेवर ठेवले. एक मोठा, डीएसएलआर. मोठ्यांतला सगळ्यात लहान, शिकाऊ माणसाचा, पण गळ्यात घातला की छाती आपोआप पुढं येते! भिंग बदलता येतं, माणूस स्पष्ट आणि मागचं सगळं धूसर करता येतं. दुसरा खिशातला, साबणाच्या वडीएवढा. बटण दाबलं की कासवानं मान काढावी तसं भिंग बाहेर येतं, बंद केलं की आत. अन्वर खरा दुकानदार, त्यानं कुणालाच वाईट म्हटलं नाही. तो म्हणाला, मोठा काढतो सुंदर, पण त्याच्यापुढं जाऊन बसावं लागतं. लहान काढतो साधा, पण तो हाताशी असतो.

गोरखचा डोळा मोठ्यावर. सिंधू म्हणाली, लहान घेऊ, काम करता करता मलाही काढता येईल. झालं! नवरा-बायकोत जे व्हायचं ते दुकानातच झालं. शेवटी अन्वर वैतागला. म्हणाला, दोन्ही घेऊन जा, आठवडाभर वापरा, बाजारच्या दिवशी एक आणून द्या. असा दुकानदार कुठं भेटला तर मलाही पत्ता सांगा.

मग काय! गोरखनं मोठ्या कॅमेऱ्याचा सोहळाच मांडला. अंगणात खुर्ची, मागं पलंगपोस. शेजाऱ्याचा कोट आणला. गावातल्या वाजंत्रीवाल्याकडून फेटा बांधून घेतला. बापूंच्या तोंडात कवळी बसवली, गालाला पावडर लावली, मनगटावर स्वतःचं घड्याळ चढवलं. बापू जन्मात कधी घड्याळ घालत नव्हते हो! सूर्य बघून पाणी सोडणारा माणूस! ते त्या खुर्चीत असे बसले, जसं कोर्टात साक्षीला बसवलंय. पण फोटो आला मात्र देखणा. मागचा पलंगपोस धूसर, फेट्याचा तुरा लखलखीत. गोरख हरखला, लगेच मोठी तसबीर करायला टाकली.

आणि सिंधू? ती भाकरी थापताना, शेंगा फोडताना, मध्येच पिठाचा हात पुसून लहान कॅमेऱ्यातून बापूंना टिपायची. त्यातला एक फोटो सांगतो. बापू ओट्याशेजारी बसलेत. कसे? पायातल्या चपला काढून, त्या जोडून, त्यांच्यावर! जन्म गेला ओल्या बांधावर, तिथं बूड टेकायचं तर चपलांवरच. डोक्यावर उपरण्याचा पदर, एक हात कानामागं धरलेला, आणि बोळकं तोंड भरून हसतायत. गोरखनं तो बघितला आणि त्याला लाजच वाटली. म्हणाला, हा काय फोटो आहे? अंगात बंडी, तोंडात दात नाहीत. लोक म्हणतील, पोरगा बापाला नीट ठेवत नाही. पुसून टाक. सिंधूनं ‘बरं’ म्हटलं, पण पुसला नाही. सासरी नांदणाऱ्या बाईचं ‘बरं’ म्हणजे काय, ते इथल्या माउलींना विचारा!

बाजारचा दिवस आला. तिघंही तालुक्याला गेले. बापूंना घरी एकटं ठेवायचं कसं? सिंधू भाजीच्या ओळीकडं वळताना बजावून गेली, बापूंचा हात सोडू नका. गोरखनं पुन्हा मान हलवली. तसबीर घेतली, काखेत मारली. वा! सोनेरी चौकट, आत फेटेवाला बाप. एवढ्यात समोरून नंदीबैल आला. शिंगांना गोंडे, अंगावर आरशांची झूल, ढोलकं गुबूगुबू वाजतंय. गोरखला वाटलं, कॅमेरा तर आज परत द्यायचा की ठेवायचा ते ठरवायचंय, एक फोटो काढून बघू.

आता मंडळी, इथं थांबा. मोठा कॅमेरा एका हातानं धरता येतो का? ते खांबाजवळचे दादा मान हलवतायत, येत नाही! एक हात बटणावर, दुसरा भिंगाखाली. गोरखनं तसबीर दुकानाच्या फळीला टेकवली आणि दोन्ही हात कॅमेऱ्याला दिले. मग बापाचा हात कुणाच्या हातात राहिला?

फोटो निघाला. झक्कास निघाला! गोरखनं खाली बघितलं, तर शेजारी बापू नाहीत.

आधी वाटलं, इथंच असतील. बैलामागं बघितलं, फळीमागं बघितलं. हाक मारली. बाजाराच्या गलक्यात हाकेला कोण विचारतो? तसबीर उचलली आणि गोरख सुटला. भांडीवाला, कापडवाला, पेरूवाली, जो दिसेल त्याच्यापुढं तसबीर धरायची आणि विचारायचं, यांना बघितलं का?

आणि लोक काय करतात? सोनेरी चौकटीतला म्हातारा बघितला की आपला हात आपोआप कुठं जातो? जोडला जातो! भांडीवाल्यानं हात जोडले. कापडवाल्यानं टोपी काढली. पेरूवाली बाई कळवळून म्हणाली, भला माणूस दिसतोय हो, दहावा कधी आहे? बाप जिवंत आहे असं ओरडून सांगावंसं वाटलं गोरखला, पण ते त्याचं त्यालाच कुठं माहीत होतं? चौकीतल्या हवालदारानं तसबीर निरखून बघितली आणि सांगितलं, एवढे फेटेवाले पाटील इथून गेले असते तर माझ्या नजरेतून सुटले नसते. आणि ते खरंच होतं! असा माणूस बाजारात आलाच नव्हता. तो माणूस नव्हताच कुठं, तो फक्त त्या चौकटीत होता.

तेवढ्यात सिंधू धावत आली. नवऱ्याचा चेहरा बघूनच तिला कळलं. ‘बजावलं होतं ना’ म्हणत बसली नाही, त्याबद्दल तिला दंडवत घाला! पिशवीतून लहान कॅमेरा काढला, चपलांवर बसलेले बापू त्या इवल्याशा पडद्यावर आणले आणि त्याच पेरूवालीपुढं धरले.

पेरूवाली बघतच राहिली. “अगं बाई, हे बाबा! हे तर आत्ता माझ्या टोपलीशेजारी बसले होते, चपला काढून, त्यांच्यावरच! मला म्हणाले, बाई, तुझी पाळी उद्या. आणि उठून तिकडं गेले, कालव्याच्या अंगाला.”

मघाशी याच बाईनं दहावा विचारला होता बरं का! तिची काय चूक? तिला जो दाखवला तो माणूस तिनं बघितलाच नव्हता.

पण कालव्याचं नाव काढलं आणि दोघांच्या काळजाचं पाणी झालं. गावाचा तोच कालवा तालुक्यावरूनही जातो, आणि तेव्हा तो दोन्ही काठ भरून चालला होता. गोरख पळाला. तसबीर पेरूवालीच्या टोपलीपाशीच राहिली, कॅमेरा गळ्यात आपटतोय, पायातली एक चप्पल निसटली. देवाचं नाव घेत होता का, विचारू नका. असा पळणारा माणूस दुसरं काय घेत असतो?

पुलावर एक म्हशीवाला भेटला. सिंधूनं पडदा दाखवला. त्यानं नुसता हात केला, ते काय, चारीच्या दारापाशी, जिथं कालव्यातून पाट फुटतो तिथं.

आणि खरंच, ते काय! पाण्यापासून चांगले चार हात मागं, चपला जोडून, त्यांच्यावर बसलेले येसूबापू. डोक्यावर उपरण्याचा पदर. जन्मभर जसे बसले तसेच. पाण्याशी कसं वागायचं ते अजून अंगात होतं, तेवढं विसरले नव्हते. विठ्ठल विठ्ठल! मंडळी, सोडा श्वास, मीही सोडतो!

गोरख त्यांच्या शेजारी मातीत धपकन बसला. इस्त्रीच्या शर्टासकट. बापूंचा हात धरला आणि ओक्साबोक्शी रडला. बापूंनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं, अगदी अनोळखी माणसाकडं बघावं तसं.

“तू कोणाचा रे?”

“येसू पाटकऱ्याचा.”

“चांगला माणूस आहे. ओळखतो मी त्याला.” बापूंनी उपरण्याचा पदर सारखा केला. “मग इथं काय करतोस? जा घरी, तो वाट बघत असेल.”

“त्यालाच घ्यायला आलोय, बापू.”

बापूंना ते पटलं. म्हणाले, मग बस जरा, पाणी पुढं गेलं की निघू. आणि आपल्या चपलांतली एक काढून त्यांनी त्या अनोळखी पोराला बसायला दिली. ओल लागू नये म्हणून! माणसाची ओळख गेली, माया गेली नाही. माय-बाप, ती जाते कुठं?

सिंधूनं तेव्हा एक फोटो काढला. एका हातानं. दुसऱ्या हातानं ती डोळे पुसत होती.

परत जाताना गोरख अन्वरच्या दुकानात शिरला आणि मोठा कॅमेरा काचेवर ठेवला. अन्वरनं उलटासुलटा करून बघितला, काय बिघडलं?

“काही नाही रे. कॅमेरा चांगला आहे. दोन हात लागतात.”

अन्वरनं गोरखचा दुसरा हात बघितला. तो बापूंच्या हातात होता. त्यानं लहान कॅमेऱ्याची पिशवी बापूंच्या खांद्याला अडकवून दिली.

बापू त्यानंतर बरीच वर्षं जगले, घरच्या अंथरुणात गेले, मुलाच्या हातात हात देऊन. आज त्यांच्या घरी गेलात तर भिंतीवर आईशेजारी चपलांवर बसलेले बापू दिसतील, बोळकं हसणारे. आणि कालव्याकाठी एकेका चपलेवर बसलेल्या बापलेकांचा फोटो सिंधूनं देवघराशेजारी लावलाय. सोनेरी चौकटीतले पाटील त्या बाजारातून कुणी नेले, ते आजवर कळलेलं नाही!

आता कॅमेरावाले दादा, तुम्ही रुसू नका. तुमचं पोट त्यावर आहे, तुम्ही मोठाच घ्या, लग्नं त्यानंच शोभतात. प्रश्न कॅमेऱ्याचा नाहीच. गाडी घ्या, टीव्ही घ्या, घर बांधा. घेताना एवढंच बघा, हे हातात आल्यावर आपल्या माणसासाठी एक हात मोकळा राहतोय ना?

आणि आता तुमच्याकडं वळतो. हो, तुम्ही! मघापासून मला मोबाईलच्या मागून बघताय. माझं तोंड आहे तसंच राहणार आहे, त्याला जपून ठेवण्यासारखं काही नाही. पण तुमच्या शेजारी तुमची म्हातारी बसलीय, तिचे गुडघे दुखतायत, तिला उठताना आधार लागणार आहे. कोणत्या हातानं देणार?

ठेवा ते खिशात. ठेवलं? आता शेजारी बघा. नीट बघा, ती बसलीय कशी. घरी जाऊन कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे. आणि तिचा हात हातात घ्या, टाळी आज तिच्याच हातावर वाजवायची आहे. बुवा, घ्या ताल. म्हणा सगळे, विठ्ठल विठ्ठल, जय हरी विठ्ठल!