पायी चालला होता

नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय मोडेल आहे. इकडे या, खाटेजवळ. अन् बूट बाहेर काढा बाप्पा, पोट्ट्याच्या पाठीले जखम आहे, धूळ नाही चालत. हं. वकीलसाहेबांनी पाठवलं ना तुमाले? फोनवर म्हणत होते, मंगळवारच्या तारखेच्या आंधी माहा माणूस येईन, सारं समजून घेईन. मी म्हटलं येऊ द्या, कोणी तं येऊ द्या. दीड वर्षात ट्रॅक्टरवाले बबनराव एक डाव आले, तेही दारातूनच परत गेले. चहा घ्या. साखर जास्त झाली असन, माहं ध्यान नसते आता.

हा रजत. एकटाच आहे मले. तेवीसचा. झोपला नाही तो, डोळे मिटून पडला आहे — कोणी आलं की असंच करते. त्याले काही नका विचारू, मले विचारा. छातीच्या खाली काहीच समजत नाही त्याले. मुंगी चावली तरी मीच पाहाची, चटका बसला तरी मीच पाहाचा. लघवीची पिशवी मी बदलते, आंघोळ मी घालते. पहिल्या पहिल्यांदा म्हणे, मा, दार तरी लाव. मी म्हणो, अरे जन्मला तेव्हा काय कपडे घालून आलता? हासे तेव्हा. आता हासतही नाही अन् दार लाव असंही म्हणत नाही. अन् दर दोन तासानं कूस पालटाची — दिवसा, रात्री, दिवाळी असो का पोळा. एक डाव माहा डोळा लागला, तिथंच ही जखम झाली. बोट जाते आतमंधी. माही कंबर गेली साहेब. पैसा मले कायले पाहिजे? एक बाई ठेवाले. मी मेल्यावर याची कूस कोण पालटन, सांगा? तेवढं एकच मांगते मी त्या कोर्टाले.

मंगळवारचं पाठ आहे मले. ऐका — माझा मुलगा रस्त्याच्या कडेने पायी चालला होता, मागून ट्रॅक्टर आला. बरोबर ना? 'पोट्टा' नाही म्हणाचं, 'मुलगा' म्हणाचं, वकीलसाहेबांनी सांगतलं. भांडे घासता घासता घोकत राह्यते. शेजारची विमलताई म्हणे, काहून वं नलू, नाटक बसवून राह्यली का? पण खरं सांगू का — तुमी आपलेच माणूस, तुमच्याजवळ लपवाचं कायले — 'चालला' म्हणलं की माही जीभ अडते. तिथंच अडते. काहून का तो चालत नव्हता. मडगार्डवर बसला होता, बबनरावच्याच ट्रॅक्टरच्या.

वेचणीचे दिवस होते. संध्याकाळी कापसाचे गाठोडे भरून ट्रॉली घराकडे येऊन राह्यली होती, वरतं आमी बाया बसलो होतो. हाही चढला होता ट्रॉलीत. माह्याजवळ. गाठोड्याले टेकला, म्हणे मा, भल्ला थकलो आज. अन् मी — माह्या तोंडाले आग लागो — मी म्हटलं, बायाईत काहून बसला रे? बांगड्या भरून देऊ का? जा, बाप्यासारखा मडगार्डवर बस. साऱ्या बाया हासल्या. हाही हासला. उडी मारून गेला समोर. आमच्याकडे तसंच असते, बाया ट्रॉलीत अन् बाप्ये मडगार्डवर. नाल्याच्या उतारावर चाक खड्ड्यात गेलं अन् हा पाठीवर पडला, दगडावर. ट्रॉलीतल्या एकीलेही खरचटलं नाही. एकीलेही नाही साहेब. कापसात बसला असता तं कापसातच पडला असता ना? त्याले कोणी म्हटलं नाही, मीच म्हटलं.

बबनराव दवाखान्यातच म्हणाले, वैनी, ट्रॅक्टरच्या कागदावर एकट्या ड्रायवरचीच सीट आहे, मडगार्डवर होता म्हणलं तं विम्याची कंपनी एक पैसा देणार नाही, पायी होता म्हणा. मी चवथी शिकेल आहे. वाचता येते मले. खोटं आहे हे वाचून जबाबावर सही केली मी, कोणी फसवलं नाही. आणखी शंभर करीन.

किती वाजले? दोन? थांबा, याची पालटाची वेळ झाली. आलेच आहे तं हात लावा. मी खांदे धरते, तुमी पाय धरा. टाचा नका घासू देऊ. हं — एक, दोन —

हे काय केलं तुमी?

नाही, मी पाह्यलं. नखानं. अंगठ्याजवळ. अन् त्याच्या तोंडाकडे पाहून राह्यले होते, पापणी हालते का म्हणून. वकिलाचा माणूस कायले चिमटा घेईन? वकिलाले माहीत आहे ना सारं. अन् तो मोबाईल — मघापासून खिशातून डोकं वरतं काढून बसला आहे — कंपनीचे आहे ना तुमी? बोला ना. मघापासून हो काकू, हो काकू लावलं होतं. वकिलाचा म्हणलं तेव्हा नाही काहून नाही म्हणले? चहा पेले माह्या घरचा!

न्या. जे भरलं त्या मोबाईलात ते न्या. पुसा म्हणून तुमच्या पाया पडू का? पडली असती — या घराच्या बाहेर भेटले असते तं पडली असती, त्याच्या समोर नाही. पण तिकडे हेही दाखवा, की तुमच्या नखाचा वळ उमटला अन् पोट्टा हालला नाही. तेही भरलं ना? का तेवढंच राह्यलं?

पाय खाली ठेवा आंधी. हळू. त्याले नाही लागत म्हणून आपटता का?

जा. बूट बाहेर आहे तुमचे.

रजत. डोळे उघड बाप्पा. गेला तो कंपनीवाला. — रजत, तुले मालूम होतं ना, मी मस्करीत म्हटलं होतं ते? उघड ना रे डोळे. रजत —