आप्पांची अर्धी गोळी

सांगा मंडळी, माणसाच्या छातीत धडधड होते, ती देवानं कशाला ठेवली? औषधाचं दुकान चालावं म्हणून? हसू नका! पुढच्या रांगेत दोघांचा हात खिशाकडं गेला, मी पाहिलाय!

ऐका. भांड्यांचे व्यापारी भानुदासआप्पा. लेक रेवती, लग्न ठरलेलं. स्थळ कसं? बंगला, पेट्रोल पंप — आप्पा हुरळून गेले! आणि ऐन लग्नाच्या तोंडावर मावसभाऊ कानाशी लागला, "आप्पा, पोरगा आईवर हात उचलतो म्हणे. जरा चौकशी कर."

झालं! आप्पांची झोप उडाली, घास गिळवेना. आता बापानं काय करावं? गाडीला किक मारावी, नवरदेवाच्या गावात चार घरी विचारावं. पण पत्रिका वाटून झालेल्या! लोक काय म्हणतील? आप्पांनी कपाट उघडलं. बायकोच्या आजारपणात डॉक्टरांनी तिला मन शांत करायच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या उरलेल्या. टाकली एक तोंडात! वा! पोरगा तोच, त्याचा हात तोच — फक्त आप्पांची धडधड गेली!

डॉक्टरांनी ज्याला दिली त्यानं जरूर घ्यावी हो! नाहीतर उद्या माझ्या नावानं बोंब माराल.

लग्नाच्या दिवशी विहिणींची भेट झाली, आणि रेवतीनं बापाला बाजूला ओढलं. "आप्पा, सासूबाईंचा हात पाहिलात? बांगड्यांखाली काळानिळा पडलाय!"

आप्पा गोड हसले. आज सकाळीही घेतलेली ना! "पडल्या असतील गं. टेन्शन नको घेऊस. ही घे, अर्धी गोळी."

अर्धी गोळी! अहो, बाप लेकीला साडी देतो, सोनं देतो — यानं काय दिलं बघा!

पोरगी मुंडावळ्यांसकट तडक विहीणबाईंपुढं. "आई, हात कुणी पिरगळला?"

बाईनं पदर ओढून हात झाकला. नवरदेवच खेकसला, "काय सांगितलंस गं हिला?" आणि ती माउली — पोटच्या पोराला भिऊन मागं सरकली!

रेवतीनं मुंडावळ्या सोडल्या. "आप्पा, मी जाणार नाही." आप्पा उठायला गेले, तर गोळीच्या गुंगीत तोल गेला. लेकीच्या बाजूनं उभं राहायची वेळ, आणि बापाला दोघांनी धरून उभं केलं! सांगतानाही लाज वाटते.

रेवती वाचली, मंडळी. पण ती आई? त्याच पोराच्या गाडीत बसून परत गेली. भरल्या मांडवातून एक माणूस आडवा आला नाही. आप्पांनी निदान गोळी घेतली होती. तुम्हीही होतातच की त्या मांडवात, तुम्हाला कुणी दिली होती?

टाळ थांबवा. आधी माना वर करा!